शाळेची फी माफ झाली, तरी मूल शाळेत का येत नाही? आंतरराष्ट्रीय संस्थांच्या स्थानिक कामाविषयी

प्रश्न असा आहे: 'आम्ही गरिबीशी लढतो आणि स्थानिक पातळीवर शिक्षणाला मदत करतो' असं आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्था सांगतात, तेव्हा त्या प्रत्यक्षात काय करतात? दूरच्या देशात जमा झालेला पैसा एखाद्या मुलापर्यंत कसा पोचतो, आणि त्याने खरंच काही बदलतं का?

माझी सगळी नोकरी अशाच संस्थांच्या कार्यक्रम विभागात झाली. प्रस्ताव लिहायचे, भागीदार संस्था निवडायच्या, फील्डवर जाऊन काम बघायचं, देणगीदारांना हिशेब द्यायचा, हे माझं काम. त्या अनुभवावरून थेट उत्तर देते. बदल होतो. पण घराची कमाई आणि मुलाचं शिकणं या दोन्हींचा विचार एकाच घरात, एकाच वेळी केला, तरच तो टिकतो. ज्या संस्था गरिबीसाठी एक विभाग, शिक्षणासाठी दुसरा विभाग असं करून दोन वेगळ्या वस्त्यांत काम करतात, त्यांचे अहवाल चांगले दिसतात, पण मुलं पुन्हा गळतात.

हे असं का, ते समजण्यासाठी गरीब घराला शाळा किती महाग पडते ते बघायला हवं. फी हा त्यातला सगळ्यात उघड आणि बहुतेक वेळा सगळ्यात लहान भाग. त्यामागे गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च येतो. आणि या सगळ्यापेक्षा मोठा खर्च म्हणजे मुलाचा वेळ. बारा-तेरा वर्षांचं मूल शेतात, मजुरीवर किंवा घरच्या कामात हातभार लावू शकतं. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते म्हणून आई रोजंदारीवर जाऊ शकते. ती मुलगी शाळेत गेली की त्या घराची एक मजुरी बुडते. त्यात कोणी आजारी पडलं, पीक गेलं, कर्जाचा हप्ता थकला, की पहिला निर्णय होतो तो मुलाला शाळेतून काढण्याचा. आईवडिलांना शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून हे होतं, असं मी फार क्वचित पाहिलं आहे.

याचं एक ठळक उदाहरण झिंबाब्वेतलं आहे. ॲन कॉटन या वेल्समध्ये जन्मलेल्या शिक्षिका १९९१ मध्ये तिथल्या मोला या ग्रामीण भागात गेल्या. तिथल्या मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांना शोधायचं होतं. तेव्हा सर्वमान्य समजूत अशी होती की तिथली परंपराच मुलींच्या शिक्षणाविरुद्ध आहे. पालकांशी बोलल्यावर त्यांना वेगळंच कळलं. पैसे थोडे होते, एकालाच शिकवता येत होतं, आणि मुलाला पुढे पगाराची नोकरी मिळण्याची शक्यता जास्त म्हणून घरं मुलाला पाठवत होती. निदान बदललं तसा उपायही बदलला. १९९३ मध्ये ३२ मुलींच्या खर्चाची जबाबदारी घेऊन कॅम्फेड ही संस्था सुरू झाली. आज ती झिंबाब्वेखेरीज झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावीत काम करते. परंपरा हेच कारण धरून बसले असते तर जनजागृतीची पोस्टरं छापली गेली असती आणि मुली घरीच राहिल्या असत्या.

सरकारांनीही हे ओळखलं. मेक्सिकोने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' नावाची योजना आणली. घरातली मुलं शाळेत किमान ८५ टक्के हजर राहिली तर रोख अनुदान थेट आईच्या हातात द्यायचं. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढत जायची, कारण मूल मोठं होतं तशी त्याची बुडणारी मजुरीही वाढते. माध्यमिक शाळेत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा जास्त होती, कारण त्या वयात मुलींची गळती जास्त होत होती. ही योजना सरकारी होती, पण आज कितीतरी संस्था जी शिष्यवृत्ती देतात तिची आखणी याच हिशेबावर उभी आहे. रोख दिली की दारूत जाते, ही शंका मला दर सभेत कोणीतरी विचारतंच. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही.

आता मदत नेमकी कोणाला द्यायची, हा प्रश्न. इथे बांगलादेशातल्या 'ब्रॅक'बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या क्षेत्रात तिच्याइतकं शिकवणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये, मुक्तियुद्धानंतर परतलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी ती सुरू केली. पुढे ती लघुकर्जांसाठी प्रसिद्ध झाली. पण काही वर्षांनी तिच्याच लोकांच्या लक्षात आलं की सगळ्यात गरीब घरं कर्ज घ्यायला पुढेच येत नाहीत. हप्ता फेडण्याची खात्री नसते, गटातल्या बायकाही त्यांना गटात घ्यायला कचरतात. म्हणून २००२ मध्ये अतिगरीब घरांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला. आज जगभर तो 'ग्रॅज्युएशन' पद्धत म्हणून ओळखला जातो.

त्यातली निवडीची रीत जवळून बघण्यासारखी आहे. वस्तीतली माणसं एका मोकळ्या जागी जमतात. जमिनीवर काठीने वस्तीचा नकाशा काढतात, एकेक घर दाखवतात. मग प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी करून चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावतात: हे घर त्या घरापेक्षा बरं, हे त्याहून हलाखीचं. या बैठकीत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. 'तिचा मुलगा शहरातून पैसे पाठवतो', 'पाठवत होता, आता वर्ष झालं काही नाही', अशी माहिती कुठल्याच सर्वेक्षणाच्या अर्जात मिळत नाही. तरीही संस्था तेवढ्यावर थांबत नाही. कार्यकर्ते घरोघरी जाऊन पडताळणी करतात, कारण सगळ्यात एकट्या पडलेल्या घराचं नाव बैठकीत कोणी घेतच नाही. वस्तीबाहेर राहणारी विधवा, नुकतंच स्थलांतर करून आलेलं कुटुंब, अपंग माणूस असलेलं घर, ही नकाशावरून सुटतात. चांगला कार्यकर्ता नकाशा संपतो तिथून पुढे चालत जातो.

निवडलेल्या घराला कमाईचं साधन मिळतं. बहुतेक वेळा जनावरं, कधी छोट्या धंद्याचा माल. त्याबरोबर काही महिने रोजच्या खर्चाला थोडी रक्कम, नाहीतर भुकेलं घर मिळालेली गाय विकूनच खातं. शिवाय प्रशिक्षण, बचतीची सवय, आरोग्याची मदत, आणि जवळजवळ दोन वर्षं कार्यकर्त्याची नियमित, बहुधा आठवड्याची भेट. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांत दहा हजारांहून जास्त घरांवर याची काटेकोर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही या घरांचा खर्च, खाणंपिणं आणि मालमत्ता इतर घरांपेक्षा चांगली होती. पश्चिम बंगालमध्ये 'बंधन' या संस्थेने राबवलेल्या कार्यक्रमाचा परिणाम तर दहा वर्षांनीही टिकून असल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं.

होंडुरासमध्ये मात्र घडी बसली नाही. तिथे अनेक घरांना कोंबड्या दिल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रोगाने मेल्या. हे उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. पद्धत तीच, पण कुठल्या भागात कुठलं जनावर जगतं, पशुवैद्य किती लांब आहे, बाजारात काय विकलं जातं, हे ठरवायला तिथलाच माणूस लागतो. मुख्यालयात बसून ही निवड होत नाही.

आता शिक्षण. इथे आपली पहिली ओढ वस्तू देण्याकडे असते. पाटी, दप्तर, पुस्तकं, इमारत. देणगीदाराला त्यांचा फोटो काढता येतो. पण केनियात शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं देऊन काय होतं याचा अभ्यास झाला, तेव्हा सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण सरळ होतं. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांसाठी ती तिसरी भाषा होती. ज्याला वाचताच येत नाही त्याच्या हातात पुस्तक देऊन उपयोग नाही. वस्तू अगदीच निरुपयोगी असतात असंही नाही. त्याच देशात मोफत गणवेश दिल्यावर मुलींचं शाळा सोडण्याचं प्रमाण घटलं, कारण तिथे गणवेशाचा खर्च हीच खरी अडचण होती. म्हणजे अडचण कुठे आहे ते आधी कळलं पाहिजे.

आज जगातली मोठी अडचण शाळेच्या आत आहे. युनेस्कोच्या २०२५ च्या अंदाजाने सुमारे २७ कोटी मुलं शाळाबाह्य आहेत, आणि तो आकडा भयंकरच आहे. पण जी मुलं शाळेत आहेत त्यांचं काय? जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या दर दहा मुलांपैकी सात मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. कोरोनाच्या आधी हे प्रमाण ५७ टक्के होतं. ही मुलं पटावर आहेत, हजेरी लावतात, वरच्या वर्गात जातात, आणि शेवटी काही न येताच बाहेर पडतात. आईबापांना ते दिसत असतं. मग 'शाळेत जाऊन करतोय तरी काय' हा त्यांचा प्रश्न रास्त ठरतो आणि मजुरीचं पारडं जड होतं.

यावर सगळ्यात प्रभावी उपायांपैकी एक मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या कामातून आला. सुरुवात एका कागदापासून होते. मुलाला एकट्याला शेजारी बसवायचं आणि त्याच्यापुढे चार ओळींचा परिच्छेद धरायचा. तो वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. काही मिनिटांत कळतं की पाचवीतल्या या मुलाला अजून शब्द जोडता येत नाहीत. मग दिवसातला तास-दोन तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसतात. अक्षरवाल्यांचा एक गट, शब्दवाल्यांचा दुसरा, परिच्छेदवाल्यांचा तिसरा. मोठ्याने वाचणं, गोष्टीवर बोलणं, जमिनीवर अक्षरं लिहिणं, गटात खेळ. ठरावीक काळाने पुन्हा तोच कागद, आणि मूल पुढच्या गटात जातं. महागडं काही लागत नाही. लागतो तो रोजचा वेळ, थोडं साहित्य, आणि शिक्षकाला वर्गात येऊन दाखवणारा, त्याच्याबरोबर उभा राहणारा मार्गदर्शक. ही पद्धत आता आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली आहे. झांबियात ती सरकारच 'कॅच अप' या नावाने आपल्या शाळांत राबवतं.

इथे संस्थेचं काम कुठलं आणि सरकारचं कुठलं, हा मुद्दा येतो आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. सरकारी शाळा असेल तिथे तिच्याच आत काम करावं. शेजारी चकचकीत शाळा काढली की चांगले शिक्षक आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरची मुलं तिकडे जातात आणि उरलेली शाळा आणखी खचते. पगाराच्या बाबतीतही हेच होतं. आंतरराष्ट्रीय कार्यालय उघडतं, दुप्पट-तिप्पट पगार देतं, आणि तालुक्यातली सगळ्यात हुशार शिक्षिका किंवा परिचारिका त्या कार्यालयात अहवाल लिहायला बसते. याचा हिशेब कुठल्याही वार्षिक अहवालात नसतो.

शाळाच नसेल तिथली गोष्ट वेगळी. ब्रॅकने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळा सुरू केल्या. साधारण तीस मुलं, त्यांत मुली जास्त, आणि त्याच गावात राहणारी एकच शिक्षिका, जी सगळी वर्षं त्याच मुलांबरोबर पुढे जाते. शाळेची वेळ पालकांना विचारून ठरवलेली, म्हणजे सकाळची कामं आटोपून मूल येऊ शकेल. पाच इयत्तांचा अभ्यास चार वर्षांत. शिक्षिका गावातलीच असल्यामुळे मूल दोन दिवस आलं नाही की ती संध्याकाळी त्याच्या दारात उभी असते. हेच मॉडेल घेऊन ब्रॅक २००२ मध्ये अफगाणिस्तानात आणि पुढे आफ्रिकेत गेली. आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे श्रीमंत देशातली संस्था, हे समीकरण तेव्हाच मोडलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नातला दुसरा भाग: पैसा कुठल्या वाटेने येतो. लोकांना सगळ्यात ओळखीची वाट म्हणजे एका मुलाला दत्तक घेतल्यासारखी दरमहा देणगी, ज्याला स्पॉन्सरशिप म्हणतात. स्पॅनिश यादवीतल्या मुलांसाठी १९३७ मध्ये सुरू झालेल्या आणि आज 'प्लॅन इंटरनॅशनल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ही रीत रुजवली. मुलाचा फोटो, वर्षातून एखादं पत्र. आता बऱ्याच मोठ्या संस्थांत तो पैसा त्या एका मुलाला न देता त्याच्या वस्तीच्या कामात घातला जातो, आणि मला ते बरोबर वाटतं. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला भेट आणि दुसऱ्याला काही नाही, हे मुलांवर काय करतं ते वर्गात बसल्यावर दिसतं. पण थेट मुलाला मदत करणाऱ्या पद्धतीचाही परिणाम होतो, हे मान्य करायला हवं. 'कम्पॅशन' या संस्थेच्या सहा देशांतल्या कामाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मदत मिळालेली मुलं इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं आढळलं. फोटो आणि पत्ता परक्यांच्या हाती जाताना मुलाच्या सुरक्षिततेची काळजी संस्था कशी घेते, एवढं मात्र जरूर विचारा.

दुसरी वाट संस्थात्मक निधीची: सरकारं, मोठी प्रतिष्ठानं, कंपन्या. तो पैसा मुख्यालय, मग देशातलं कार्यालय, मग स्थानिक भागीदार संस्था अशा पायऱ्या उतरत येतो. प्रत्येक पायरीवर थोडा खर्च होतो आणि प्रत्येक पायरीवर अटी वाढतात. प्रत्यक्ष काम जवळजवळ नेहमी शेवटच्या पायरीवरची माणसं करतात आणि निर्णयात त्यांचा वाटा सगळ्यात कमी असतो. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला. आपत्कालीन मदतीतला किमान २५ टक्के निधी २०२० पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचा, असं त्यात ठरलं. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. कुठे कुठे कायदाही आडवा येतो. भारतात २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थांना पैसा देण्याची जुनी साखळी तुटली आणि दुर्गम भागातल्या लहान संस्थांना त्याचा फटका बसला.

मला सगळ्यात जास्त सलते ती मुदत. मूल पहिलीत येतं तिथून शाळा संपेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. प्रकल्प बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांचा असतो. पहिले सहा महिने भरती आणि पायाभूत सर्वेक्षणात, शेवटचे सहा महिने अहवालात आणि पुढच्या निधीच्या शोधात. मधल्या काळात जी शिक्षिका घडते ती प्रकल्प संपला की दुसरीकडे जाते. कॅम्फेडने यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. तिथे शिकून बाहेर पडलेल्या मुलींचं १९९८ मध्ये जाळं उभं राहिलं. त्याच तरुणी आता आपल्या भागातल्या शाळांत मार्गदर्शक म्हणून जातात, नव्या मुलींच्या घरी जाऊन बोलतात, गरज पडली तर खर्चालाही हातभार लावतात. निधी कमी-जास्त झाला तरी त्या तिथेच असतात.

कुठल्या संस्थेला देणगी द्यायची हे ठरवताना लोक पहिला प्रश्न प्रशासकीय खर्चाचा विचारतात. तो विचारावा, पण त्या एका टक्केवारीवर निवड करू नये. आठवड्याला घरी जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार, शिक्षकाबरोबर उभा राहणारा मार्गदर्शक, मुलांच्या वाचनाची दर काही महिन्यांनी होणारी तपासणी, यातलं बरंच काही हिशेबात कधी प्रशासन म्हणून, कधी कार्यक्रम म्हणून धरलं जातं. खर्च पाच टक्के दाखवणारी संस्था कार्यकर्त्यांना पुरेसा पगार देत नसेल, तर वर्षभरात तिथे ओळखीचं एकही माणूस उरत नाही.

मी असते तर हे विचारलं असतं: किती मुलांना वाचता यायला लागलं, आणि ते कसं मोजलं? पटनोंदणीचा आकडा दाखवला तर पुन्हा विचारा. कार्यक्रम कुठे चालवायचा आणि कुठे थांबवायचा हे ठरवणाऱ्या समितीत त्या भागात राहणारं कोण आहे? घराची कमाई बुडाली तर त्या मुलाचं काय होतं, त्यासाठी वेगळी तरतूद आहे का? निधी संपल्यावर शिक्षिकेचा पगार कोण देणार? आणि गेल्या वर्षी काय जमलं नाही? या शेवटच्या प्रश्नाला ज्या संस्थेकडे तपशीलवार उत्तर असतं, तिच्या बाकीच्या उत्तरांवर मी जास्त विश्वास ठेवते.

देणगी द्यायचीच ठरली, तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा लहान रक्कम दरमहा, कमीत कमी पाच वर्षं द्या. आणि ती कुठल्या कामासाठी वापरायची ही अट घालू नका. दप्तरांसाठी दिलेला पैसा दप्तरांवरच खर्च करावा लागतो, मग त्या वर्षी त्या वस्तीत पीक गेलेलं असलं आणि मुलं मजुरीवर गेलेली असली तरीही.